भोसरीतलं बारीक पार्टचं शेड : पाचपैकी चार स्टार, तारखेपायी एक कापला

आधी कामाचं सांगते, गुरुवारी जाऊ नका. भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते हे माहीत नसलेली मी एकटीच नसणार. पहिल्यांदा गेले तेव्हा नाशिक फाट्यापासून स्कूटर दामटत गवळी माथ्यापर्यंत आले तर अख्ख्या गल्लीत शटर बंद, एक कुत्रं आणि एक चहाची टपरी, तीपण आवरायच्या बेतात. टपरीवाला म्हणाला, मॅडम आज गुरुवार. जसं काही मला दत्ताला जायचं होतं.

दुसरं म्हणजे शेडचं, म्हणजे आम्हाला बारीक पार्ट बनवून देणाऱ्या वर्कशॉपचं, नाव लिहीत नाहीये. शेठना विचारलं होतं रिव्ह्यू टाकू का, तर म्हणाले टाका की, पण नाव नको, आहे तोच माल वेळेवर जात नाही, अजून गिऱ्हाईक आणून काय करताय. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली कामाला येईल. आणि खाली तक्रारीपण आहेत, त्यामुळे नाव नसलेलंच बरं.

आमचं काम थोडक्यात. मी आणि माझा दीर मिळून छोटी टेबलावर बसणारी फिलिंग मशिनं बनवतो, अत्तर आणि आयुर्वेदिक तेलाच्या बाटल्या भरायची. अत्तराच्या बाटल्या ३, ६ आणि १२ एमएलच्या असतात, जुना तोळ्याचा हिशोब, १२ म्हणजे तोळा आणि ३ म्हणजे पाव तोळा. महाग अत्तर असलं तर एक थेंब जास्त गेला तरी मालक डोळे वटारतो. त्यामुळे मशिनचा जीव तीन पार्टमधे. एक नोझल, स्टेनलेस ३१६ चं, बाहेरून ४ मिमी, आतून २ मिमीचं बोअर आणि टोकाला ०.४ मिमीचं भोक. दुसरा प्लंजर म्हणजे दट्ट्या, ६ मिमीचा, तोपण ३१६. तिसरा डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचा ब्लॉक, त्यात ६ मिमीचं बोअर, त्यात प्लंजर मागेपुढे. रबराची सील लावता येत नाही कारण अत्तराने बरीचशी रबरं फुगतात, दोन महिन्यात ओ-रिंगची इडली होते. म्हणून सील म्हणजे ती फिटिंगच, बोअर आणि प्लंजरमधली फट इतकी कमी ठेवायची की तेल जायला मागत नाही. बोअरला फिटिंगचा ग्रेड एच ७ म्हणजे ६ मिमीला शून्य ते प्लस १२ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग), प्लंजर जी ६ म्हणजे मायनस ४ ते मायनस १२. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा, त्याच्या पाव-तिसऱ्या भागातला हा सगळा खेळ.

ह्या शेडच्या आधी तीन ठिकाणी हात पोळलेत ते सांगितल्याशिवाय ह्यांचं कौतुक कळणार नाही.

पहिला आमच्या ओळखीतला, लेथ आहे, स्वभाव चांगला, भाव कमी. त्याने डेल्रिनची पातळ रिंग बनवून दिली होती, मी मायक्रोमीटरने इकडून मोजली, तिकडून मोजली, सगळीकडे सारखी, खूष. बसवली तर अडकते. परत मोजली, परत सारखी. दोन दिवस डोकं खाल्लं. मग कळलं की त्याने तीन जबड्याच्या चकमधे आवळून बोअर मारलं होतं, प्लास्टिक दबलं, दबलेल्या अवस्थेत गोल भोक मारलं आणि चक सैल केल्यावर ते त्रिकोणाकडे झुकलं. आणि गंमत अशी की तीन फुगवटे असलेला असा आकार दोन टोकांच्या मायक्रोमीटरने कुठूनही मोजला तरी जवळपास सारखाच भरतो, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूची चपटी जागा येते. म्हणजे मापात पास आणि बसायला नापास. त्याला सांगितलं तर म्हणाला मॅडम माप तर बरोबर आहे ना. आहे बाबा.

दुसरा जरा मोठा, ऑफिस, एसी, पाण्याची बाटली पुढे ठेवतात. त्याने ५० नोझलबरोबर छापील इन्स्पेक्शन रिपोर्ट दिला, पाच पीस मोजलेले, आणि पाचही पीसवर ४.००० ४.००० ४.००० ४.००० ४.०००. तेव्हा मला किती छान वाटलं होतं! आता कळतं की खऱ्या मशिनवर पाच पीस कधीच असे येत नाहीत, ४.००२ येईल, ३.९९८ येईल, सगळेच शून्यावर म्हणजे कुणीतरी चहा पिता पिता भरलेला तक्ता. शिवाय मटेरियल ३१६ सांगून ३०३ घातलं असणार अशी मला दाट शंका, कारण ३०३ मधे गंधक असतं, कापायला लोण्यासारखं, पण गंजाला कच्चं, आणि आमच्या एका काढेवाल्या गिऱ्हाइकाकडे चार महिन्यात टोकाशी तांबूस ठिपके आले. चुंबक लावून ह्यातलं काही कळत नाही, दोन्ही ग्रेड जवळपास चिकटत नाहीत. ३१६ मधे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते तपासायचा केमिकलचा थेंब मिळतो किंवा धातू ओळखणारी गन असते. आता मी प्रत्येक लॉटमधला एक पीस तपासून घेते, आणि तुम्हीपण घ्या, कुणावरही विश्वास ठेवत असाल तरी.

तिसरं ऑनलाइनवालं. थ्रीडी फाइल टाका, मटेरियल निवडा, दोन मिनिटात भाव. खरं सांगायचं तर माल झकास आला, पॅकिंग झकास, दिलेल्या दिवशी दारात. फक्त माझ्या ड्रॉइंगमधे चूक होती, नोझलच्या मागची चुडी (आटे) एम ४ म्हणजे ४ मिमीच्या जागी एम ६ टाकलेली, आणि त्यांनी ती चूक अगदी मायक्रॉनमधे बनवून पाठवली. चूक माझीच, त्यांना एक स्टारपण कमी देणार नाही. पण ४ मिमीच्या नळीला एम ६ कशी काय हो, एवढं विचारायला मधे माणूसच नव्हता.

तर हे शेड. दीराच्या मित्राने पाठवलं. बाहेरून बघितलं तर परत फिराल, पत्रा, समोर कुणाच्यातरी टेम्पोची चाकं पडलेली, आत ऑइलचा वास. आत दोन स्लायडिंग हेड मशिनं, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन), एक जुनं सेंटरलेस ग्राइंडर (गोल पार्ट बाहेरून घासून मापात आणणारं) आणि मागच्या खोलीत एसी लावून मोजायची जागा. शेठ कमी बोलतात. खरे मालक म्हणाल तर अण्णा, सेटर म्हणजे मशिन लावून देणारे, साठीच्या आसपासचे, कोल्हापूरकडचे, शिरोलीला फौंड्रीत सुरुवात केलेले. शेडमधे सगळे त्यांना अण्णा म्हणतात, शेठसुद्धा, आणि शेठ त्यांना अहोजाहो करतात ह्यातच सगळं आलं.

स्लायडिंग हेड काय प्रकार आहे हे मला अण्णांनीच पेन्सिल हातात देऊन समजावलं. साध्या लेथवर जॉब एका टोकाला धरलेला असतो आणि टूल त्याच्या लांबीवरून चालतं, जॉब बारीक असला की टूलच्या दाबाने वाकतो, मग धरलेल्या बाजूला बरोबर आणि मोकळ्या टोकाला जाड. पेन्सिल मागून धरून लिहून बघा, तशी थरथर. ह्या मशिनमधे टूल एका जागी, आणि बारच पुढे सरकतो, एका घट्ट बुशमधून, आणि टूल त्या बुशच्या अगदी तोंडाशी कापतं. म्हणजे पेन्सिल टोकाजवळ धरल्यासारखं. मूळ शोध स्वित्झर्लंडचा, १८७० नंतरचा, घड्याळाचे स्क्रू आणि पिना करायला, म्हणून अजून लोक त्याला स्विस लेथ म्हणतात. आणि ह्या मशिनांमधलं एक मोठं नाव म्हणजे सिटिझन, तेच घड्याळवाले, ज्यांच्याबरोबर एचएमटीने १९६१ साली बंगलोरला घड्याळाचा कारखाना टाकला. माझ्या सासऱ्यांच्या हातात अजून एचएमटी आहे. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले त्याच्या आतला सगळ्यात बारीक स्क्रू बघितलाय का, तो करून दाखवा म्हणावं आजच्या पोरांना.

ह्या मशिनचा एक तोटा जो कोटेशनमधे दिसत नाही पण पैशात दिसतो, बार ग्राइंड केलेला लागतो, नाहीतर बुशमधे अडकतो किंवा ढिला पडतो, आणि प्रत्येक बारचं शेवटचं वीतभर टोक भंगारात जातं कारण ते बुशपर्यंत ढकलायला मागे काही उरत नाही. ३१६ च्या ग्राइंड बारचा भाव बघता ते वीतभर मला दुखतं. पण शेठ ते वेगळं लिहून दाखवतात, लपवत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं टाइप करतेय. पहिल्या दिवशी मी ड्रॉइंग टेबलावर ठेवलं आणि मला वाटलं भाव सांगतील. शेठनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि विचारलं, ताई ही लांबी २२ प्लस मायनस ०.०१ का?

मी म्हटलं, म्हणजे, प्रिसिजन.

ही लांबी कुठे बसते?

कुठेच नाही, टोक बाटलीत लटकतं.

मग ०.०१ कशाला?

मला उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं की सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेटमधे सगळीकडे प्लस मायनस ०.०१ आपोआप येत होतं आणि मी ते कधी बदललं नव्हतं, उलट मला ते भारी वाटायचं. शेठनी एक एक करत अकरा मापांवर काट मारली, खाली लिहिलं आयएसओ २७६८ मिडियम, म्हणजे ह्या साइजला प्लस मायनस ०.२ चालेल, आणि फक्त तीन मापांना गोल केला, बोअर, प्लंजर आणि ०.४ चं भोक. म्हणाले ह्या तिघांचे पैसे घेतो, बाकीचे तुम्ही उगाच देत होतात. आणि मग चौथा गोल एका जागी केला जिथे मी काहीच लिहिलं नव्हतं, २ मिमीचं बोअर आणि ०.४ चं भोक एका रेषेत असायला हवं त्याचं. हे नाही लिहिलंत तर भोक मापात येईल आणि थेंब वाकडा पडेल. मागच्या दोन्ही लॉटला माझा थेंब वाकडा पडत होता आणि मी भोकाच्या मापाला शिव्या देत होते.

ह्या पंधरा मिनिटांसाठी मी तीन स्टार देऊन टाकलेत, बाकीचं बोनस.

भाव. ५० नोझल १८५ रुपये नग आणि सेटिंगचे ३५०० वेगळे, २०० घेतले तर ११० आणि सेटिंग माफ. ओळखीतल्याचा भाव ९० होता, आणि नुसता आकडा बघितला तर हे महाग. पण त्या ९० वाल्यातली साधारण प्रत्येक पाचवी मी बाजूला काढायचे, आणि काढण्यात माझा रविवार जायचा, त्याचे पैसे धरा की. अर्धे ॲडव्हान्स, उरलेले माल उचलताना, उधारीचं नाव काढायचं नाही. शेठ म्हणतात, कायद्याने छोट्या युनिटचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत यायला पाहिजे, आमच्याकडे मोठ्या लोकांचं कधी आलंय सांगू का, आणि मग खरंच सांगायला लागतात. विषय काढू नका.

०.४ चं भोक कसं मारतात ते मी उभं राहून बघितलं. कार्बाइडचं ड्रिल, हातात घेतलं तर उदबत्तीच्या काडीपेक्षा बारीक, शिंकलात तर गेलं. एवढ्या बारीक ड्रिलला नीट कापायचा वेग मिळायला २० हजार आरपीएमच्या आसपास फिरवावं लागतं, साध्या व्हीएमसीचा स्पिंडल आठ-दहा हजारात संपतो, म्हणून ह्यांनी मशिनवर वेगळा हायस्पीड स्पिंडल बसवलाय. आणि स्टेनलेसची खोड अशी की ड्रिल कापण्याऐवजी नुसतं घासलं तर खालचं स्टील अजून कडक होतं, मग पुढचं ड्रिल आलं की टक्. त्यामुळे टोच मारायची, बाहेर यायचं, कीस झटकायचा, परत टोच. आवाज सुतार पक्ष्यासारखा, पण एकदम हळू. एक ड्रिल अण्णांसमोर तुटलं, त्यांनी काही म्हटलं नाही, डायल लावून स्पिंडल हाताने फिरवला, सुई चार-पाच मायक्रॉन हलली, ड्रिल परत काढलं, ते धरणारं कॉलेट पुसलं, परत लावलं, सुई दोनवर आली. कॉलेटमधे कीस अडकला होता, डोळ्याला दिसतही नव्हता.

मधे दुसऱ्या एकाने मला सांगितलं होतं की ड्रिल कशाला, ईडीएमने ठिणगीने भोक पाडून देतो, स्वस्त. पाडून घेतली होती दहा. भोक पडतं, आरामात पडतं, पण आत वितळून परत चिकटलेला खडबडीत थर राहतो आणि तोंड जरा फाकलेलं येतं. डिझेल-पेट्रोलच्या नोझलमधे कसं चालतं ते मला माहीत नाही, अत्तराचा थेंब मात्र त्या खडबडीला धरून राहतो, सुटत नाही, आणि मग सुटतो तो दोन थेंबांएवढा.

आता तक्रारी.

पहिल्या लॉटमधे ५० पैकी ७ नोझल वाईट निघाल्या. माप बरोबर, ०.४० ची पिन जाते, ०.४१ ची जात नाही, तरी थेंब कडेला पडतो. घेऊन गेले. अण्णांनी एक पीस प्रोफाइल प्रोजेक्टरवर लावला, वीसपट मोठी सावली काचेवर पडते, आणि त्या सावलीत भोकाच्या आतल्या कडेला एक शेपटी दिसली, पापणीच्या केसासारखी, जरा वाकलेली. बर. ड्रिल आरपार निघताना शेवटचं धातू कापलं न जाता ढकललं जातं आणि आतल्या बोअरमधे झालरीसारखं उभं राहतं. पिन गेज त्याला बाजूला सारून जातं म्हणून मापात कळत नाही. मला वाटलं आता म्हणतील माप तर बरोबर आहे ना. अण्णा बराच वेळ त्या सावलीकडे बघत बसले, मग पोराला हाक मारून म्हणाले, भोक आधी मार रं, आन २ चं बोअर मागनं फिरव. एवढंच. क्रम उलटा केला, म्हणजे बर निघालीच तर मागून येणारं बोअरिंग टूल ती कापून टाकतं. सातही पीस बदलून दिले, पैसे नाही घेतले, पुढच्या तीन लॉटमधे एकही नाही. पण पहिल्यांदा प्रोजेक्टरवर बघायला काय झालं होतं? विचारलं. शेठ म्हणाले घाई होती. तुमचीच होती.

पॅकिंग, अर्धा स्टार मी इथेच कापणार होते. ६ मिमीचे प्लंजर, सेंटरलेसवर ग्राइंड करून आरशासारखे, आणि चाळीसच्या चाळीस एका प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. घरी येईपर्यंत स्कूटरच्या डिकीत एकमेकांवर खणखण आपटत आले आणि नऊ पीसवर नखाने जाणवतील असे ठोके. ठोक्याच्या कडेला धातू वर येतं, ते पाच-सहा मायक्रॉन जरी असलं तरी आमच्या फटीत प्लंजर रुततो. दीराने मग घरून ट्रे नेऊन दिले, अंड्यांचे. खरंच अंड्यांचे, आणि एक नंबर काम करतात. पण हे गिऱ्हाइकाने का शिकवायचं.

आणि तारीख. शेठ सांगतात तो बुधवार ही नुसती कल्पना आहे. पहिला लॉट नऊ दिवस उशिरा, दुसरा पाच, तिसरा वेळेवर (मी तिथे जाऊन बसले होते), चौथा अकरा. फोन केला की खोटं बोलत नाहीत, सांगतात की मोठ्या कंपनीचा माल मधे घुसला, त्यांची लाइन थांबली तर आम्हाला पुढच्या वेळी कोण विचारणार. पटतं. पण चौथ्या वेळी रमझान तोंडावर होता आणि मोहम्मद अली रोडजवळच्या आमच्या एका अत्तरवाल्याला मशिन त्याच्या आधी पाहिजे होतं, वर्षाचा धंदा त्या महिन्यात असतो त्याचा. मी शेठना म्हटलं तुमच्या मोठ्या कंपनीची लाइन थांबते तशी माझ्या छोट्या माणसाची ईद थांबते. दुसऱ्या दिवशी दिला. म्हणजे देता येत होतं. तेव्हाच स्टार कापला आणि तो परत मिळणार नाही.

त्याच अत्तरवाल्याने नंतर मे महिन्यात फोन केला, मशिन टपटप गळतंय. जानेवारीत आमच्याकडे अगदी कोरडं चालत होतं. मी शेडवर खापर फोडायच्या तयारीनेच गेले, ब्लॉक हातात घेऊन. अण्णांनी मोजायला मागितलाच नाही, आधी विचारलं, दुकान कुठं हाय? माळ्यावर, पत्र्याखाली. एसी? नाही. मग म्हणाले, प्लास्टिक हाय ताई, ते अंग धरतं.

हिशोब मी घरी येऊन केला आणि कपाळावर हात मारला. मापं सगळी २० अंशाला धरायची असतात हे जगभरचं ठरलेलं आहे, त्यासाठीच मागच्या खोलीत एसी. माळ्यावर धरा ३७. डेल्रिन स्टीलपेक्षा सहा-सात पटीने प्रसरण पावतं, ६ मिमीच्या बोअरला १७ अंशात साधारण ११ मायक्रॉन वाढ, आणि भोकसुद्धा मोठंच होतं बरं का, बऱ्याच जणांना वाटतं प्लास्टिक फुगलं की भोक बारीक होईल, तसं नाही, सगळा ब्लॉकच मोठा झाल्यासारखं. प्लंजर मात्र जेमतेम दीड मायक्रॉन वाढला. म्हणजे फट नऊ-दहा मायक्रॉनने वाढली. आणि गळती फटीच्या घनात वाढते, ८ ची १८ झाली तर अकरापट, वर गरमीने तेल पातळ झालं ते वेगळंच. शेडचा काडीचा दोष नाही, ड्रॉइंग माझं, मटेरियल माझं. नायलॉन घातलं असतं तर अजून मजा, ते पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं.

शेठचा पहिला सल्ला, ब्लॉक स्टीलचा करा. अण्णांनी मागूनच नाही म्हटलं, स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की एकमेकाला चावतं आणि धरून बसतं, मग हातोडी. शेवटी ठरलं ते असं की ब्लॉक डेल्रिनचाच ठेवायचा, पण बोअरचा तेवढा तुकडा पीक (PEEK) नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचा, वेगळा, कॉलर करून चार स्क्रूने बसवायचा. पीकचं प्रसरण डेल्रिनच्या निम्म्याहून कमी, हिशोबाने फट तीनेक मायक्रॉनने वाढेल, चालेल. भाव मात्र विचारू नका, मला जो रॉडचा भाव मिळाला तो डेल्रिनच्या वीसपटीच्या वर. म्हणून तुकडा नखाएवढा केला, अण्णांनी माझ्या ड्रॉइंगमधून अजून दोन मिमी कापली, इथं कशाला सोनं घालताय म्हणून.

आणि मोजायची त्यांची पद्धत. पीकचा पहिला पीस मशिनवरून उतरला, मी मायक्रोमीटर घेऊन उभी, तर अण्णांनी हातातून पीस काढून घेतला. आत्ता नगा मोजू, पोर आत्ताच आंघोळ करून आलंय. पीस ट्रेमधे, ट्रे मागच्या खोलीत, रात्रभर एसीत. सकाळी मोजलं. तेपण बोटात नाही धरायचं, बोटाची गरमी लागते, कापडात धरायचं. मी त्यांच्या नकळत त्याच संध्याकाळी एक पीस गरम असताना मोजला होता, ६.०११, म्हणजे मापात, मी निर्धास्त. सकाळी तोच ६.००३. तोपण मापात, पण आठ मायक्रॉन कुठे गेले? कुठेच नाही, थंड झाले. ६.००८ वर सोडला असता तर सकाळी शून्य.

आता सगळं लिहिलं तर तुम्ही विचाराल मग कुणी जावं. एक पीस हवा असेल, कॉलेजचा प्रोजेक्ट वगैरे, तर जाऊ नका, सेटिंगमधेच मराल आणि शेठ तोंड वाकडं करतील. हजारोंनी हवे असतील तर ह्यांची ताकद नाही. पन्नास ते पाचशे, बारीक, आणि ज्यात एखाददुसरं माप खरोखर जीवाचं आहे, तर जा, आणि ड्रॉइंग बंद लिफाफ्यात देऊन येऊ नका, शेजारी बसा, लाल पेनाचा राग मानू नका. तारीख विचाराल तेव्हा मनात दहा दिवस मिळवा. पॅकिंगचे ट्रे घेऊन जा. चहाला नाही म्हणू नका, टपरीवाल्याचा आलं घातलेला असतो.

पीकचे ३० तुकडे ह्या बुधवारी मिळणार होते. आज शनिवार. दीर सकाळीच गेलाय आणायला, आत्ता फोन आला, म्हणतोय माल तयार आहे, समोर ट्रेमधे दिसतोय, पण अण्णा हात लावू देत नाहीत, अजून गरम आहे म्हणे.